पेट्सी बसवण्यापूर्वीची जुळवाजुळव

पूल, हवामान, भूजल अशा कामांत लाखो समीकरणं एकदम सोडवावी लागतात. त्यासाठीचा 'पेट्सी' हा विनामूल्य संच अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९१पासून घडत आला आहे. तो बसत नाही तेव्हा खोट बहुधा त्याच्याआधी बसवायच्या चार-पाच गोष्टींत असते. त्या क्रमाने पाहू.

जागा. आपल्याकडे विंडोज असेल, तर 'डब्ल्यूएसएल' ही विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय घेऊन त्यात उबुंटू हे लिनक्स बसवावं. नवख्याला हाच मार्ग सोपा. संच लिनक्सच्या बाजूच्या फोल्डरमध्येच ठेवा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको: 'माझा प्रकल्प' असं नाव दिलं, की पुढची साधनं ती दोन वेगळी नावं समजतात.

कंपायलर. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचं यंत्राला कळेल अशा रूपात भाषांतर करणारा तो कंपायलर. सी, सी++ आणि फोरट्रान असे तीन घ्यावेत. उबुंटूवर 'बिल्ड-इसेन्शियल' या गठ्ठ्यात पहिले दोन येतात. फोरट्रानचा 'जीफोरट्रान' वेगळा मागवावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. तिन्ही एकाच घराण्याचे, शक्यतो एकाच आवृत्तीचे असू द्या.

मेक आणि पायथन. कोणती फाइल कधी कंपाइल करायची हे 'मेक' ठरवतो. तो वरच्याच गठ्ठ्यात असतो. यंत्राची तपासणी करणारा पेट्सीचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेला आहे, म्हणून पायथन ३ हवं. आपल्याकडे अ‍ॅनाकोंडा हा पायथनचा संच असेल, तर त्याचं वातावरण आधी बंद करा. नाहीतर त्याच्यासोबत आलेली साधनं आणि लायब्रऱ्या मध्येच डोकावतात.

ब्लास आणि लॅपॅक. सदिश आणि सारण्यांची (मॅट्रिक्स) मूलभूत आकडेमोड करणाऱ्या या तयार लायब्रऱ्या. उबुंटूवरून घेताना नावापुढे 'डेव्ह' असलेला गठ्ठा घ्यावा. नुसत्या लायब्ररीवर तयार प्रोग्रॅम चालतात; नवीन बांधायला डेव्हमधल्या जोड-फाइली लागतात. हा घोळ नको असेल, तर पेट्सीलाच त्या उतरवायला सांगता येतं. इंटरनेट अडवलेल्या यंत्रावर दुसरीकडून आणलेल्या फाइलीचा पत्ता दिला तरी भागतं.

एमपीआय. एकच गणित अनेक प्रोसेसरांत वाटून त्यांच्यात निरोपांची देवाणघेवाण करायची ही ठरलेली पद्धत. 'एमपिच' आणि 'ओपन एमपीआय' हे तिचे दोन प्रचलित अवतार. दोन्ही चांगले, पण एका वेळी एकच घ्यावा.

इथे फसगत कशी होते, ते पाहा. पेट्सीने एमपिच उतरवून घेतलं. यंत्रावर आधीपासून ओपन एमपीआय होतं. आपण चार प्रक्रिया सुरू करायला सांगितलं आणि हुकूम गेला जुन्याच्या हाती. पडद्यावर 'मी एकपैकी पहिली' ही ओळ चारदा उमटते. त्रुटीचा संदेश नाही, उत्तरही बरोबर. फक्त चौघींनी तेच गणित वेगवेगळं सोडवलेलं असतं. म्हणून 'एमपीआय-एक्झेक' हा सुरू करणारा हुकूम कोणत्या फोल्डरमधून येतो, ते 'व्हिच' या आज्ञेने आधी पाहून घ्या.

कॉन्फिगर. आता पेट्सीची स्वतःची तपासणी चालवा. ती चिमुकले प्रोग्रॅम लिहून कंपाइल करून पाहते आणि काय सापडलं, काय नाही याची नोंद एका लॉग फाइलीत करते. अडलं, तर पडद्यावरचा संदेश वाचून लॉगमध्ये तोच शोधावा. कारण त्याच्या थोडं वर सापडतं. दुरुस्तीनंतर पुन्हा चालवण्याआधी या तपासणीने अर्धवट तयार केलेला फोल्डर पुसून टाका, नाहीतर जुनी नोंद नव्या प्रयत्नात लुडबुड करते.

पडताळणी. शेवटी 'मेक' आणि मग 'मेक चेक'. ही चाचणी एक उदाहरण आधी एका प्रक्रियेवर, मग दोनवर सोडवते. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं, तर सगळं उकरू नका. थेट एमपीआयच्या पायरीवर परत जा.