मानेसर : नोंदणी, मान्यता आणि हजेरीपट

कामगारांची नेमणूक, वेतन, रजा, बढती आणि शिस्त ह्यांची व्यवस्था पाहणारा स्वतंत्र अधिकारी ही भारतीय कारखान्यातील तुलनेने अलीकडची संस्था होय. व्हिटली आयोगाने १९३१ साली कारखान्यांत कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. ह्या खात्याचे नाव कालांतराने ‘कर्मचारी व्यवस्थापन’ आणि मग ‘मानव संसाधन’ असे झाले. कोळसा आणि पाणी ह्यांच्या पंक्तीला माणसाला बसविणारा हा शब्द मराठी कानाला अद्यापही खटकतो. परंतु तो आता रूढ झाला आहे. खात्याचे नाव बदलले तरी त्याचे मूळचे अवघड स्थान बदलले नाही. मालकाचा निर्णय कामगारांना सांगावयाचा आणि कामगारांचा असंतोष मालकाच्या कानी घालावयाचा, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

दिल्लीच्या नैऋत्येस, जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर असलेल्या मानेसर येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात २०११ आणि २०१२ साली जे घडले, त्यावरून ह्या स्थानाची बिकटता स्पष्ट होते.

कंपनीच्या गुडगावच्या जुन्या कारखान्यात व्यवस्थापनाने मान्य केलेली एक संघटना होती. मानेसरचे कामगार बहुतांशी तरुण आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून आलेले होते. त्यांना आपली वेगळी संघटना हवी होती. जुळणीच्या सरकत्या पट्ट्याचा वेग, चहापाण्यासाठी मिळणारी जेमतेम साडेसात मिनिटांची सुटी आणि रजा घेतल्यास प्रोत्साहन वेतनात होणारी मोठी कपात ह्या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. जून २०११ मध्ये त्यांनी तेरा दिवसांचा ठिय्या संप केला. ऑगस्टच्या अखेरीस ‘सद्वर्तनाच्या हमीपत्रा’वर सही केल्याशिवाय कामगारांना आत प्रवेश न देण्याचा पवित्रा व्यवस्थापनाने घेतला. हा तिढा सुमारे महिनाभर चालला.

येथे एका कायदेशीर भेदाकडे लक्ष दिले पाहिजे. संघटनेची नोंदणी आणि संघटनेला मान्यता ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंदणी सरकारचा निबंधक करी. परंतु नोंदलेल्या संघटनेशी बोलणी करण्याचे बंधन १९२६ च्या कामगार संघ अधिनियमाने मालकावर घातलेले नव्हते. महाराष्ट्रातील वाचकास हे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. कारण ह्या राज्याने १९७१ सालीच स्वतंत्र कायदा करून, किमान तीस टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेस औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळविण्याची वाट मोकळी केली होती. हरियाणात तशी वाट नव्हती. साहजिकच, मान्यतेचा प्रश्न तेथे न्यायालयाऐवजी कारखान्याच्या फाटकावर सुटू पाहत होता.

दुसरा गुंता कंत्राटी कामगारांचा. मानेसरमधील निम्म्याहून अधिक मनुष्यबळ कंत्राटी, प्रशिक्षणार्थी अथवा शिकाऊ होते. मालकाची अडचण खोटी नव्हे : मोटारींची मागणी वर्षभर सारखी नसते, आणि तिच्याबरोबर माणसे कमीजास्त करता यावीत असे त्याला वाटते. पण एकाच पट्ट्यावर शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांच्या वेतनात मोठी तफावत असली की ती रोज डोळ्यांत भरते. ऑक्टोबर २०११ मधील संपाचे तात्कालिक कारण हेच होते. तडजोडीनंतर कंत्राटी कामगारांना परत घेतले गेले नाही, म्हणून कायम कामगार त्यांच्यासाठी काम थांबवून बसले. ही एकजूट व्यवस्थापनाने गृहीत धरलेली नसावी.

त्यानंतर संघटनेच्या पुढाऱ्यांनी कंपनीकडून मोबदला घेऊन नोकरी सोडली. आंदोलन मिटले असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. वस्तुतः व्यवस्थापनाने, ज्यांच्याशी बोलणी करता आली असती ती ओळखीची माणसेच गमावली होती. २०१२ च्या आरंभी नव्या संघटनेची नोंदणी झाली आणि नवखे पुढारी नव्या मागण्या घेऊन बोलणीस बसले.

बोलणी अपुरी असतानाच १८ जुलै २०१२ रोजी एक पर्यवेक्षक व एक कामगार ह्यांच्यात वाद झाला आणि कामगारास निलंबित करण्यात आले. वाद कोणी उकरला ह्याविषयी दोन्ही पक्षांची कथने परस्परविरोधी आहेत. सायंकाळी हिंसाचार उसळला, आग लागली आणि मानव संसाधन विभागाचे महाव्यवस्थापक मृत्युमुखी पडले. कारखाना महिनाभर बंद राहिला. ५४६ कायम कामगारांना बडतर्फ करण्यात आले. १४८ कामगारांवर खटला चालला. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांपैकी ३१ जणांना दोषी ठरविले व ११७ जणांची निर्दोष मुक्तता केली. १३ जणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. निर्दोष ठरलेल्यांपैकी कित्येकांनी तोवर वर्षानुवर्षे तुरुंगात काढली होती.

पुढे कंपनीने उत्पादनाच्या मुख्य कामातून कंत्राटदारास दूर केले आणि सात-सात महिन्यांच्या मुदतीवर थेट तात्पुरते कामगार घेण्याची पद्धत स्वीकारली. मधला माणूस गेला, तात्पुरतेपणा राहिला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने मान्यतेची तरतूद देशभर लागू केली. एकाहून अधिक संघटना असल्यास, एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना बोलणी करणारी एकमेव संघटना मानली जाते. ही टक्केवारी मात्र आस्थापनेच्या हजेरीपटावरील कामगारांवरून मोजावयाची असते, आणि कंत्राटी कामगाराचे नाव त्या पटावर नसते; ते कंत्राटदाराच्या पटावर असते.