जुन्या घरातील स्वयंपाकघर

इ. स. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. त्यांच्या आणि पुढे नेवाळकरांच्या कारकिर्दीत अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. अशा कुटुंबाच्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या घरात स्वयंपाकघराची दुरुस्ती निघते, तेव्हा काय ठेवावे आणि काय बदलावे हा प्रश्न प्रथम उभा राहतो. तो केवळ आवडीनिवडीचा नाही; त्याच्याशी माणसांची सुरक्षितता आणि भिंतींचे आयुष्य निगडित आहे.

जुने स्वयंपाकघर चुलीसाठी रचलेले असे. चूल जमिनीवर, फळ्या व कोनाडे भिंतीत आणि छतालगत झरोका. ऊन धूर वर चढतो, म्हणून वाट वरच ठेवलेली. झाशीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जाड भिंती ती उष्णता तासन्‌तास अडवून धरतात.

चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली की हा हिशेब बदलतो. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वरचा झरोका तेथे उपयोगी पडत नाही. म्हणून जमिनीच्या पातळीवर, उघड्या हवेत निघणारे जाळीदार भोक ठेवणे अगत्याचे असते. सिलिंडर उभा व शेगडी त्याहून उंच असावी. मात्र झरोका बुजवू नये. ज्वलनातून निघणारे वायू, वाफ आणि उष्णता यांना वरूनच वाट लागते.

दुसरी चूक सिमेंटची. चुन्याची भिंत जमिनीतून ओल घेते आणि ती हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, अधिक उंच चढते, क्षार फुटतात आणि पोपडे निघू लागतात. दुरुस्ती चुना व सुरखी यांनीच करावी. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू कठीण होतो, म्हणून कामाला काही आठवड्यांचा धीर हवा. लाद्या केवळ ओट्यामागे व मोरीपाशी बसवाव्यात. नळ भिंतीबाहेरून न्यावेत. दगडी भिंतीत खाचा खोदल्यास दगड सुटे होतात.

उभ्याने काम करण्याचा ओटा अवश्य यावा. कोनाडे मात्र राहू द्यावेत. डबे ठेवण्यास त्यांच्याइतकी सोयीची जागा नव्या कपाटातही क्वचितच मिळते.