वरचे आणि खालचे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे पहिला नंबर. कर्नाटकाच्या वाट्याला १७ आले. भीमा या यादीत दोनदा भेटते. महाराष्ट्राच्या पानावर विठ्ठलवाडी ते टाकळी, कर्नाटकाच्या पानावर गाणगापूर ते यादगीर. टाकळी दक्षिण सोलापूर तालुक्यात. सोलापूर शहरासाठी नदीतून पिण्याचं पाणी उपसलं जातं ते तिथूनच. समोरचा काठ कर्नाटकाचा, आणि आणखी खाली गेलं की गुलबर्गा जिल्ह्याचा अफझलपूर तालुका लागतो. यादी करणाऱ्यांनी सोयीसाठी नदीचे दोन तुकडे केले असतील, पण आमच्या सीमाभागातली भांडणंही त्याच दोन पानांवर वाढली. टाकळीपर्यंतची घाण ‘त्यांची’, गाणगापूरपासूनची ‘आपली’. आणि तुम्ही कुठल्या काठावर उभे आहात त्याप्रमाणे हे दोन शब्द जागा बदलतात.

त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने प्रत्येक राज्याला नदी-पुनरुज्जीवन समिती नेमून कृती आराखडा करायला सांगितलं. म्हणजे नदी एक, समित्या दोन, आराखडे दोन.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या योजनांचा आणि निधीचा हिशेब ज्यांनी मांडायचा ते मांडतीलच. मला मागे वळून पाहावंसं वाटतं ते या काळात नदीवर झालेल्या बोलण्याकडे. चांगला जिव्हाळ्याचा विषय, दोन्हीकडची माणसं नात्यागोत्याची, बाजार एक, दत्त एक, विठोबा एक. तरी पाण्याच्या घाणीचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला कोणाचं सरकार, कोणाची भाषा, कोणाचा आमदार इथे गाडी का येते?

एक कारण भूगोलात आहे. भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वाटेत मुळा-मुठा पुण्या-पिंपरीचं मैलापाणी घेऊन तिला येऊन मिळते आणि ते सगळं उजनीत साठतं. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्यात उतरलं की आपल्याकडे ‘उजनी वजामध्ये गेली’ म्हणतात. २०२४च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या आसपास होती. वापरायचं पाणी संपत जातं, तळाचं राहतं, आणि सांडपाण्यातून आलेल्या नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ माजतं. एप्रिल-मे महिन्यात पाणी हिरवं दिसतं ते या शेवाळामुळे. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री ओढून घेतं, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. जुने मासे हटून जलाशयात चिलापीचं राज्य झालं. हे सगळं कोळी लोक प्रयोगशाळेच्या आधीपासून सांगत होते. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी दाखवायला होड्या चालवणाऱ्यांची तर वेगळीच कुचंबणा. पाणी घाण आहे असं मोठ्याने म्हणावं तर पर्यटक येणार नाही, म्हणू नये तर वल्ह्याला जलपर्णी गुंडाळते. त्यांच्या गप्प बसण्याला कोणी भित्रेपणा म्हणू नये. त्या होडीवर घर चालतं.

पंढरपूरला नदीच्या घाणीचा वाद आधी पेटला. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध लढणाऱ्या मंडळींनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २०१४च्या अखेरीस न्यायालयाने चंद्रभागेच्या, म्हणजे तिथल्या भीमेच्या, वाळवंटात तंबू-मंडप उभारायला मनाई केली. वाळवंटातलं कीर्तन म्हणजे वारकऱ्यांचा श्वास. फडकऱ्यांना तो आघात वाटला, आणि तसं वाटणं साहजिक होतं. पुढे अटी घालून ठराविक दिवसांची मुभा मिळाली, पैलतीरी ६५ एकरांचा तळ झाला. त्या वर्षांत दोन्ही बाजूंनी कडू बोललं गेलं, पण विषय सुटला नाही. शौचालयं किती, कुठे, यात्रेनंतर वाळवंट कोण झाडणार, आणि झाडणाऱ्या माणसाच्या हातात काय असणार? वाद या प्रश्नांना धरून राहिला, कारण न्यायालय दर तारखेला तेच विचारत होतं. धर्म विरुद्ध धर्मद्रोह असा आखाडा करायची हौस बऱ्याच जणांना होती. प्रत्येक तारखेला शौचालयांचा आकडा सांगायचा म्हटल्यावर आखाड्याला रंग चढत नाही.

२०१६च्या अर्थसंकल्पात राज्याने ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर केलं, २०२२पर्यंत नदी निर्मळ करायची म्हणून. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या मुळा-मुठेसाठी जपानी कर्जाचा ९९० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. ११ शुद्धीकरण केंद्रं, रोजची क्षमता ३९६ दशलक्ष लिटर. या दोन घोषणांवर मी जास्त लिहीत नाही. २०२२ आलं आणि गेलं.

२०२१च्या उन्हाळ्यात मात्र जे घडलं त्यावर थांबायला हवं. आपल्या राजकारणात सांडपाणी हा शब्द मौल्यवान झाला तो तेव्हा. एप्रिलमध्ये राज्य सरकारने उजनीतून ५ टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरकडे उचलायला मंजुरी दिली. सांगितलं असं की हे उजनीचं पाणी नाहीच, पुण्याकडून येणारं सांडपाणी आहे; आम्ही फक्त तेवढंच घेतो. सोलापूरचे तेव्हाचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे स्वतः इंदापूरचे आमदार. मग काय, सोलापूर जिल्हा पेटला. सांडपाणी उजनीत पडलं की ते उजनीचंच, असा उलट युक्तिवाद झाला. मेमध्ये जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी निर्णय रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी इंदापूरच्याच लाकडी-निंबोडी योजनेवरून तोच खेळ पुन्हा सुरू झाला.

आता बघा, त्या महिनाभरात दोन जिल्हे एकमेकांच्या अंगावर धावून गेले ते सांडपाण्यासाठी. ‘घाण पाठवू नका’ असं कोणी म्हणत नव्हतं. ‘आमची घाण पळवू नका’ असा सूर होता. इंदापूरचा आणि माढ्याचा शेतकरी दोघंही तहानलेले, त्यामुळे त्यांना हसायचं कारण नाही. पण वादाची भाषा टीएमसीची झाली की पाण्यातलं काय आहे हे विचारायला जागाच उरत नाही, हे त्या महिन्यात उघडं पडलं. त्यातून एक सोयीचा समज पसरला, की पाणी कमी मिळणं हा अन्याय आणि घाण मिळणं हे नशीब.

त्याच सुमारास इकडे बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला वेगळंच नाट्य चाललं होतं. नोव्हेंबर २०२०मध्ये कर्नाटकाच्या येडियुरप्पा सरकारने मराठा विकास मंडळ आणि ५० कोटी जाहीर केले, पोटनिवडणूक तोंडावर होती. डिसेंबरात कन्नड संघटनांनी बंद पुकारला. जानेवारी २०२१मध्ये नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली. बाराव्या शतकात बसवण्णांच्या या कल्याणात जी शरणांची सभा भरत असे, अल्लमप्रभू जिच्या पीठावर, तीच ही. त्या सभेत अंबिगर चौडय्या नावाचा एक नावाडी होता. त्याची वचनं वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे की गुळमुळीत बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ढोंग दिसलं की तो सरळ जोडा काढतो. तरी तो सभेत होता, आणि त्याचं बोलणं टिपून ठेवलं गेलं. सभ्य चर्चा म्हणजे गोड चर्चा, असं मानणाऱ्यांनी चौडय्याकडे बघावं. होडी चालवणाऱ्याला दोन्ही काठांशी काम असतं. तो दोघांनाही शिव्या देऊ शकतो. एकाला बुडवून दुसऱ्याला पार नेणं त्याला जमत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२२मध्ये सीमावाद पुन्हा पेटला आणि पाणी पुन्हा हत्यार झालं. महाराष्ट्रातल्या जत तालुक्यातल्या तहानलेल्या गावांवर कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी हक्क सांगितला, तिकडे कर्नाटकाचं पाणीही सोडलं गेलं. एसटीच्या फेऱ्या थांबल्या. २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांसह बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीची इंच न् इंच जमीन घेण्याचा ठराव केला. आमच्याकडे भालकी-औरादला मराठी बोलणाऱ्याने त्या आठवड्यात गावच्या नाल्याबद्दल तक्रार केली असती तरी तिला सीमाप्रश्नाचा वास आला असता. मी त्या दिवसांत पाहिलेला एक शहाणपणा सांगतो. आळंदजवळच्या एका गावात बैठक होती, ओढ्यात येणाऱ्या मळीच्या वासाबद्दल. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “राज्याचं नाव जो घेईल त्यानं आधी ओढ्यात उतरायचं, मग बोलायचं.” लोक हसले. दीड तास बैठक चालली आणि कोणी उतरलं नाही.

बिदरकरांना तर ‘आम्ही खालचे’ ही तक्रार पूर्ण परवडतच नाही. मांजरा बीड जिल्ह्यातून येते, लातूरला पाणी पाजून बिदरमध्ये शिरते आणि पुढे तेलंगणात जाते. लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा मांजरा धरण कोरडं होतं. त्या वर्षी बिदरची माणसं लातूरकडे बोट दाखवत होती. पण बिदरच्याही खाली लोक आहेत. संगारेड्डीच्या बाजूचे शेतकरी वर बघून तेच बोट बिदरकडे रोखू शकतात. बिदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या औषध-रसायनांच्या कारखान्यांबद्दल आजूबाजूच्या गावांची विहिरींविषयीची तक्रार जुनी आहे. त्याच मांजरेला आणखी खाली पाटणचेरूच्या वसाहतीचं पाणी नक्कावागु ओढ्यातून मिळतं. तिथले शेतकरी आणि डॉक्टर १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यापासून ओरडत होते, आणि त्यांना विकासाचे शत्रू म्हणणारे कमी नव्हते. स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं आणि २००७मध्ये निष्कर्ष छापले. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक निघालं. एका दिवसात बाहेर पडलेलं औषध ४०-४५ किलो, म्हणजे अख्ख्या स्वीडनला पाच दिवस पुरेल एवढं. त्या आकड्याने ओढा साफ झाला असं नाही. पण ‘तुम्ही राजकारण करता’ हे उत्तर त्यानंतर द्यायला जड जाऊ लागलं.

गुलबर्ग्याची गोष्ट वेगळी नाही. शहर भीमेचं पाणी सरडगीहून पितं. शहाबाद-वाडी-सेडमच्या सिमेंट पट्ट्यातली कागिणा नदीही त्या २०१८च्या यादीत आहे, शहाबाद ते होनगुंटा. या पट्ट्याच्या वर पुणे नाही, सोलापूरही नाही. इथे बोट दाखवायला महाराष्ट्रातले ‘वरचे’ सापडत नाहीत, आणि मजा अशी की कागिणेवर मोर्चे भीमेपेक्षा फारच कमी निघाले.

गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर होडी चालवणारा एक माणूस माझ्या ओळखीचा. यात्रेकरूंशी मराठी, जोडीदाराशी कन्नड, पोलिसाशी हिंदी. “पुण्याकडचे लोक येतात,” तो सांगत होता, “पाणी बघून नाकाला रुमाल लावतात. केवढी घाण हो तुमच्याकडं, म्हणतात. आधी मी म्हणायचो, साहेब, तुमचंच आहे, ओळखा. मग तोंड पाडून बसायचे, उतरताना दहा रुपये कमी. आता विचारतो, तुमच्या घरचं पाणी कुठल्या नाल्याला जातं हो?”

“मग काय सांगतात?”

“निम्म्यांना ठाऊकच नसतं. पलीकडं पोहोचेपर्यंत फोनवर बायकोला विचारत बसतात.” आणि वल्हं टेकवून म्हणाला, “आमच्या गावचा नाला कुठं उतरतो ते मात्र मला कोणी विचारत नाही. बरंच आहे. तो तिथं बघा, घाटाच्या मागं.”

मार्च २०२५च्या अखेरीस कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी देवेंद्र फडणवीसांना पत्र लिहिलं. वारणा-कोयनेतून कृष्णेत २ टीएमसी आणि उजनीतून भीमेत १ टीएमसी पाणी सोडावं, उत्तर कर्नाटकातले लोक पिण्याच्या पाण्यासाठी हैराण आहेत. मागणी रास्त होती, भाषा सौजन्याची होती. पण तो एक टीएमसी मृतसाठ्याच्या जवळ टेकलेल्या उजनीतून एप्रिलमध्ये येणार, म्हणजे कसा येणार, याचा विषय दोन्ही राज्यांच्या बोलण्यात नव्हता. सप्टेंबरात तीच भीमा आणि सीना पूर घेऊन आल्या, सोलापूर-गुलबर्ग्याची शेतं पाण्याखाली गेली, आणि ‘सोडा’ म्हणणारे ‘थांबवा’ म्हणू लागले.

१९७४च्या जल प्रदूषण कायद्यात १३ वं कलम आहे. शेजारच्या राज्यांनी करार करून प्रदूषण नियंत्रणाचं संयुक्त मंडळ नेमावं, अशी सोय त्यात आहे. कृष्णा लवादाचे टीएमसी पाठ असलेल्या एकाही मोर्चाच्या निवेदनात हे कलम माझ्या वाचनात आलेलं नाही. मंडळ लांबची गोष्ट झाली. पाण्याच्या तपासणीचे तक्ते सध्या वर्षाचा किमान आणि कमाल आकडा देतात. टाकळीचा कमाल आणि गाणगापूरचा कमाल एकाच महिन्यातले आहेत का, हे त्यांवरून कळत नाही, आणि म्हणून दोन्हीकडच्या वक्त्यांना हवं ते म्हणता येतं. उन्हाळ्यातलं आवर्तन सुटल्यावर टाकळीला, अफझलपूरला, गाणगापूरच्या संगमावर आणि खाली यादगीरला दोन्ही राज्यांच्या प्रदूषण मंडळांच्या माणसांनी एकत्र उभं राहून बाटल्या भरल्या आणि आकडे मराठी-कन्नड दोन्हींत घाटावर लावले, तर त्याला ना लवाद लागतो ना विधिमंडळाचा ठराव. पुढच्या मार्चचं पत्र लिहिलं जाईलच. १ टीएमसीच्या ओळीखाली एवढी एक ओळ बसायला जागा असते.