ऐकू आलं नाही, म्हणजे बोललेच नाहीत?

राजघाटावरच्या काळ्या दगडावर दोनच शब्द कोरले आहेत: 'हे राम'. 30 जानेवारी 1948 च्या संध्याकाळी, पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास, गोळ्या लागल्यावर गांधीजींच्या तोंडून हेच शब्द निघाले का, हा वाद अजून मिटलेला नाही. मारेकरी नथुराम गोडसे पुण्याचा, कटातले बहुतेक आरोपीही मराठी. त्यामुळे मराठीत हा वाद तावातावाने होत आला.   

मग कोणाचं खरं मानायचं?

आधी कागद पाहावा. त्याच दिवशी तुघलक रोड पोलीस ठाण्यात प्रत्यक्षदर्शी नंदलाल मेहतांची फिर्याद उर्दूत लिहून घेतली गेली. त्यांच्या सांगण्यानुसार गांधीजी 'राम राम' म्हणत कोसळले. घटनेनंतर काही तासांतच लिहिलेला कागद म्हणून त्याचं वजन मोठं. मात्र साक्षीदाराचे शब्द पोलिसाच्या लेखणीतून उतरले आहेत, हेही विसरता येत नाही.

गांधीजींच्या चुलतनात मनू गांधी तर त्यांना आधार देत चालत होत्या. नथुरामने त्यांना ढकललं, हातातल्या वस्तू खाली पडल्या आणि त्या उचलायला वाकल्या असतानाच गोळ्या सुटल्या. त्यांनी 'हे राम' ऐकलं. त्यांनीच आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. कोणी गोळी झाडली आणि ओठांवर रामनाम ठेवून ती झेलली, तरच आपल्याला खरा महात्मा म्हणावं, असं बापू आदल्याच रात्री त्यांना म्हणाले होते. मनात हे ताजं असताना कानाला तेच ऐकू येणं शक्य आहे. पण ज्याला मरताना रामनाम हवं होतं, त्याच्या तोंडी ते खरोखर येणंही तितकंच शक्य. या एका नोंदीवर दोन्ही बाजूंचा दावा लागू पडतो, म्हणून घाई नको.

तिसरे व्ही. कल्याणम्. गांधीजींचे सचिव, अगदी मागे चालत होते. 'गांधीजी हे राम म्हणालेच नाहीत' हे विधान वर्षानुवर्षं त्यांच्या नावावर फिरलं. 2018 मध्ये त्यांनी स्वतः खुलासा केला: ते म्हणाले नाहीत असं मी कधीच सांगितलं नाही, मला ऐकू आलं नाही एवढंच सांगितलं. गोळ्यांचा आवाज, आरडाओरडा, गर्दी. त्यात पुटपुटलेला शब्द पाठीमागच्याला न ऐकू येणं स्वाभाविक आहे. 'मी ऐकलं नाही' ही साक्ष 'घडलं नाही' याचा पुरावा होत नाही.

आणि नथुरामच्या बाजूने सांगितला जाणारा 'आह'? तो नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसेंनी सांगितला. ते त्या वेळी हत्या झाली त्या बिर्ला भवनात नव्हते. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनीही आपल्या ग्रंथात रामनामच नोंदवलं, पण तेही त्या क्षणी जवळ नव्हते. ऐकीव माहितीला दोन्हीकडे एकच माप लावायला हवं.

लाल किल्ल्यातल्या खटल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे प्रश्न कटाचा आणि गोळ्या कोणी झाडल्या याचा होता. 10 फेब्रुवारी 1949 च्या निकालाला अखेरच्या शब्दांची गरज नव्हती. तरीही जवळच्या साक्षी एकत्र ठेवल्या, तर रामाचं नाव उच्चारलं गेलं असावं याकडेच पारडं झुकतं. ते 'हे राम' होतं की 'राम राम', हे मात्र या साक्षींवरून ठरत नाही.