जंतूचा अंगरखा आणि औषधाचे दार

सर्रा हा जनावरांचा रोग. ताप येतो, रक्त आटते, जनावर वाळत जाते. साताऱ्या-सांगलीकडे दावणीला जनावर नाही असे खेडे मिळणे कठीण, तेव्हा विषय घरचाच आहे. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माइल खान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात याचे जंतू पाहिले. चावऱ्या माश्या ते पसरवितात. माणसाला मात्र यापासून भय नाही, असाच समज होता. पुढे २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हेच जंतू सापडले. त्यांना मारणारे एपीओएल-१ हे प्रथिन आपल्या रक्तात असते; त्याच्या रक्तात ते नव्हते. सुरामिन या जुन्या औषधाने तो बरा झाला.

पण सुरामिन जंतूच्या आत शिरते कसे? त्याचा रेणू मोठा, वर ऋण विद्युत्भार. आपोआप झिरपणारा तो नव्हे. आफ्रिकेतील निद्रारोगाचा जंतू हा सर्राच्या जंतूचा सख्खा भाऊ. त्याच्यावरील प्रयोगांत २०१२ साली आढळले की, पृष्ठभागावरचे आयएसजी-७५ हे प्रथिन सुरामिनला आत घेण्याचे काम करते. ते कमी केले की औषध फिके पडते. कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात माझी हयात गेली, म्हणून हे मला चटकन पटले. फाटक बंद असेल तर पत्रक कितीही जहाल असो, आतल्या माणसाच्या हाती पडत नाही.

या दाराभोवती जंतूचा दाट अंगरखा असतो. एकाच प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू. शरीराच्या रक्षकांना चकविण्यासाठी जंतू तो वरचेवर बदलतो. २०१८ साली प्रयोगशाळेत दिसले की, एक विशिष्ट अंगरखा चढविलेल्या जंतूंत सुरामिनचा शिरकाव मंदावतो आणि ते औषधाला कितीतरी पट अधिक दाद देईनासे होतात. वेष पालटला एका शत्रूसाठी, उपयोगी पडला दुसऱ्याविरुद्ध!

जनावरांना टोचतात ते डायमिनाझिन निराळ्या दाराने जाते. ते दार म्हणजे जंतू आपले अन्न आत ओढतो तो पी-२ वाहक. हे दार बिघडले तरी जंतू उपाशी मरत नाही, त्याला अन्नाच्या दुसऱ्या वाटा आहेत. औषध तेवढे बाहेर राहते. अंदाजाने, निम्म्या मात्रेत टोचले तर सताड दाराचे जंतू मरतात, किलकिल्या दाराचे उरतात, आणि पुढची माशी तेच उचलून शेजारच्या गोठ्यात नेते.