यकृतातील मेद आणि व्यायामाचे महत्त्व

आमच्या सोनोग्राफी विभागातून बाहेर पडणाऱ्या अनेक अहवालांच्या शेवटी अलीकडे एक ओळ वारंवार आढळते : ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’. रुग्ण आलेला असतो पित्ताशयातील खड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी. ही ओळ वाचून तो बिलाच्या खिडकीपाशी थबकतो आणि विचारतो, “साहेब, हे काय आणखी? आम्ही तर दारूला कधी शिवलोही नाही.” प्रश्न वैद्यकीय असला तरी तो प्रथम येतो आम्हां कार्यालयीन मंडळींपुढे. म्हणून आमच्या डॉक्टरांशी चर्चा करून त्याचे उत्तर येथे देत आहोत.

यकृताचा जमाखर्च

सुमारे दीड किलो वजनाचे यकृत हे शरीराचे कोठार होय. जेवणातून आलेली जादा साखर ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते. मात्र ही जागा साधारण १०० ग्रॅमचीच. ती भरली की उरलेल्या साखरेचा काही भाग मेदात रूपांतरित होऊ लागतो. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला की त्यास ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. मद्यपानाने हा विकार होतोच. परंतु मद्य न घेणाऱ्यांसही लठ्ठपणा, मधुमेह आणि बैठी राहणी यांमुळे तो जडतो.

हा मेद येतो कोठून? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात अशा रुग्णांच्या यकृतातील मेदाचा माग काढण्यात आला. त्यात सुमारे ५९ टक्के मेद रक्तातील स्निग्धाम्लांतून, म्हणजे मुख्यत्वे शरीरात आधीच साठलेल्या चरबीतून आलेला आढळला. २६ टक्के यकृताने स्वतः तयार केलेला होता आणि थेट आहारातील स्निग्ध पदार्थांचा वाटा केवळ १५ टक्के होता. तेव्हा केवळ ताटातील तूप बंद करून हिशेब जुळत नाही. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की चरबीच्या साठ्यातून स्निग्धाम्ले अखंड पाझरत राहतात आणि रक्तात वाढलेले इन्शुलिन यकृताला आणखी मेद बनविण्यास प्रवृत्त करते. जमा वाढत जाते, खर्च मात्र होत नाही.

व्यायामाने काय घडते?

व्यायाम या दोन्ही बाजूंवर काम करतो. हालचाल करणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात, आणि व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस ते इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. त्यामुळे यकृताकडे येणारी जादा साखर घटते, इन्शुलिनची पातळी उतरते आणि नवा मेद बनणे मंदावते. दुसरीकडे, स्नायूंना साखर पुरविताना यकृतातील ग्लायकोजेन खर्ची पडते, तसेच स्निग्धाम्ले जाळण्याची यकृताची क्षमता वाढते. काही आठवड्यांच्या नियमित व्यायामाने पोटाची चरबी कमी होऊ लागली की मूळ आवकही घटते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अनेकजण महिनाभर चालतात, वजनकाटा हलत नाही असे पाहून निराश होतात आणि व्यायाम सोडून देतात. वस्तुतः वजन फारसे न घटताही नियमित व्यायामाने यकृतातील मेद कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. काट्यावर न दिसणारी ही बचत असते. वजनही घटले तर लाभ अधिक : ५ टक्के घट झाल्यास मेद कमी होतो, ७ ते १० टक्क्यांनी यकृताची सूज उतरू शकते. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण सुमारे ४ ते ८ किलो इतके होते.

किती व कसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने रोज अर्धा तास चालणे हा त्याचा सोपा मार्ग. गुडघेदुखी असणाऱ्यांनी खुर्चीत बसून वजने उचलण्याचे व्यायाम केले तरी यकृतास लाभ होतो. व्यायाम थांबला की लाभही ओसरतो, म्हणून सातत्य हवे. हृदयविकार, इन्शुलिन घेण्याजोगा मधुमेह किंवा सिरॉसिस असणाऱ्यांनी मात्र प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आमची कळकळ

हा विकार बहुधा काहीही त्रास न देता वाढतो. काहींमध्ये पुढे सूज, व्रण आणि सिरॉसिस अशी त्याची वाटचाल होते. केंद्र शासनाने २०२१ साली असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला, तो त्याचे गांभीर्य ओळखूनच. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत या आजाराच्या पुढील अवस्थेवरील पहिल्या औषधास मान्यता मिळाली. परंतु तेही आहार व व्यायामाच्या जोडीनेच घ्यावयाचे आहे.

जलोदर झालेला रुग्ण जेव्हा आमच्याकडे येतो, तेव्हा निर्धन रुग्ण निधीतून त्याच्या खाटेचा आणि औषधांचा भार आम्ही उचलतो. प्रत्यारोपणाचा खर्च मात्र या निधीस पेलणारा नाही, हे त्याच्या कुटुंबीयांस समोर बसवून सांगावे लागते. आमच्या कामातील हा सर्वांत जड प्रसंग असतो. ज्या ओळीपाशी तो रुग्ण काही वर्षांपूर्वी बिलाच्या खिडकीशी थबकला असेल, तेथेच त्यास कोणी नीट समजावले असते तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

दिवसभर खुर्चीत बसून हिशेब लिहिणारे आम्हीही यास अपवाद नाही. म्हणून कार्यालयातील आम्ही काहीजण आता लिफ्ट सोडून जिन्याने जातो. आमच्या देणगीदारांनी, हितचिंतकांनी आणि रुग्णांनीही दिवसातील अर्धा तास आपल्या यकृतासाठी राखून ठेवावा, ही नम्र विनंती.