स्तनतपासणीची पहिली खेप

भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण आज सर्वाधिक आहे. २०२२ साली देशात या रोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. वेळीच सापडला तर हा रोग बरा होण्यासारखा असतो. तरीही आपल्याकडे अनेक स्त्रिया रुग्णालयाची पायरी चढतात ती गाठ बरीच वाढल्यावर, कित्येकदा त्वचेवर व्रण पडल्यावर. याचे कारण केवळ अज्ञान हे नव्हे. गाठ हाताला लागलेली असते, ती वाढते आहे हेही ठाऊक असते. पण ती दुखत नाही, घरात सांगण्याचा संकोच वाटतो, सुगी तोंडावर आलेली असते आणि रुग्णालयात आपल्याला नेमके काय करतील याची धास्ती असते. यांपैकी शेवटची धास्ती तरी माहितीने दूर करता येते.

गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, हा समज घातक आहे. कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. उलट केवळ स्तन दुखण्याची तक्रार असेल, तर तिच्यामागे कर्करोग क्वचितच असतो. काखेतील गाठ, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. तरुण मुलींत आढळणारी, बोटाखाली सरकणारी तंतुमय गाठ किंवा पाण्याने भरलेली गाठ यांचा कर्करोगाशी संबंध नसतो. मात्र हा निवाडा तपासणीने व्हावा, शेजारणीच्या सांगण्यावरून नव्हे. क्वचित पुरुषांनाही हा रोग होतो.

मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत स्तनविकारांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असतो. इतरत्र स्तनाच्या तक्रारी सामान्यतः शस्त्रक्रिया विभागात पाहिल्या जातात. हे ठाऊक नसल्याने बाई स्त्रीरोग विभागाच्या रांगेत उभी राहते आणि अर्धा दिवस वाया जातो. केसपेपर काढतानाच विभागाचे नाव विचारून घ्यावे. पूर्वीची सोनोग्राफी वा मॅमोग्राफी झाली असेल तर तिच्या फिल्म व अहवाल, चालू असलेली औषधे, शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे. साडी-पोलके किंवा पुढून उघडणारा कुडता सोयीचा पडतो. मॅमोग्राफी होण्याचा संभव असल्याने त्या दिवशी छातीला व काखेत पावडर लावू नये, कारण तिचे कण चित्रात उमटतात.

प्रथम डॉक्टर माहिती विचारतात. गाठ कधी लक्षात आली, पाळी कधी सुरू झाली वा बंद झाली, मुले किती, अंगावर पाजले काय, आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांपैकी कोणाला हा रोग झाला होता काय, असे प्रश्न असतात. त्यांत चौकशीखोरपणा नसतो. धोक्याचा अंदाज त्यांवरूनच बांधला जातो. गर्भार असल्यास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते आपण होऊन सांगावे. त्यानंतर पडद्याआड दोन्ही स्तन, काखा आणि गळ्याजवळचा भाग हाताने तपासतात. डॉक्टर पुरुष असल्यास परिचारिका जवळ थांबावी अशी अपेक्षा असते. ती नसेल तर बोलवण्यास सांगण्याचा रुग्णाला हक्क आहे. या तपासणीला थोडीच मिनिटे लागतात.

पुढची पायरी चित्रांची. तरुण वयात स्तनाच्या ऊती दाट असल्याने सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. साधारण चाळिशीनंतर मॅमोग्राफी करतात व गरजेप्रमाणे तिला सोनोग्राफीची जोड देतात. मॅमोग्राफीत प्रत्येक स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरतात आणि सामान्यतः प्रत्येकाची दोन चित्रे घेतात. दाब जाणवतो, काहींना दुखते, पण ते तेवढ्यापुरतेच. क्ष-किरणांचे प्रमाण अल्प असते.

चित्रात शंका आली तर सुईने गाठीचा नमुना घेतात, आणि सर्वाधिक भीती याच पायरीची असते. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे काढतात. त्या वेळी यंत्राचा खट असा आवाज होतो. तो होणार हे आधी सांगितले तर बाई दचकत नाही. त्याच दिवशी घरी जाता येते. जागा काळीनिळी पडते, ती काही दिवसांत ओसरते. सुई टोचल्याने रोग पसरतो हा समज खोटा आहे. याउलट नमुना न तपासताच कोठेतरी गाठ कापून टाकणे हे खरोखर नुकसानीचे ठरू शकते. पुढचे उपचार रोगाचा प्रकार पाहून ठरवायचे असतात. शस्त्रक्रिया आधी की औषधे आधी, स्तन वाचवता येईल की नाही, हे सारे त्यावर अवलंबून असते.

नमुन्याचा अहवाल यायला काही दिवस लागतात. संप्रेरकांसंबंधीच्या चाचण्या कराव्या लागल्यास अधिक. पहिल्या खेपेत निकाल हाती न पडणे हे वाईट लक्षण नव्हे. अनेक स्त्रिया येथेच गळतात. पहिली खेप होते, अहवाल रुग्णालयात पडून राहतो आणि दुसरी खेप होतच नाही. निघण्यापूर्वी अहवाल कोठे व कोणत्या तारखेस मिळेल हे लिहून घ्यावे. कर्करोग निघालाच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत त्यावरील उपचारांचा समावेश आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांबाबत मार्गदर्शन करतो.

प्रशिक्षित हाताने केलेली साधी तपासणीही किती मोलाची असते, याचा पुरावा मुंबईतच मिळाला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने करीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या स्त्रियांमध्ये रोग आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखालील गटात मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातही तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची तरतूद आहे. आरोग्य उपकेंद्रावरचा तपासणीचा दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, शिक्षिकेला वा अंगणवाडी सेविकेला त्या दिवसाची आणि पुढे अहवालाच्या दिवसाचीही रजा विनासायास मिळाली आणि तालुक्याला जाताना आशा सेविका सोबत असली, की दुसरी खेप चुकण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.